दोघींच्या गटात दुसरी

चारुशीला वैरागडेने मारामारी शिकायचा विचार घरात पहिल्यांदा बोलून दाखवला, तेव्हा तिघांच्याही ताटात गोळाभात होता. सुमंतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तोंडातला घास आधी संपवला. गांधीबागेत त्याचं साडीच्या फॉलचं आणि अस्तराच्या कापडाचं ठोक दुकान होतं. घाईने बोललं की भाव पडतो, असं त्याचं इतक्या वर्षांचं मत होतं.

"काहून?" त्याने विचारलं.

"शिकायचं आहे."

"कोणाले मारायचं आहे का?"

"अजून ठरलं नाही."

शोभाताईंनी, म्हणजे सुमंतच्या आईने, भातावर आणखी चमचाभर फोडणीचं तेल घेतलं. "शिक वं बाप्पा," त्या म्हणाल्या. "फक्त सुरुवात घरून नको करजो."

चारुशीलाने खरं कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. त्या दुपारी ती स्कूटर घेऊन पेट्रोलच्या रांगेत उभी होती. एक पोरगा मोटरसायकल मधे घुसवून पुढे गेला, त्याच्या हँडलचा धक्का लागला आणि स्कूटरसकट ती खाली बसली. पोराने मागे वळून पाहिलं. आणि जमिनीवर बसल्या बसल्या चारुशीला त्याला म्हणाली, "सॉरी बेटा."

"देख के चलाया करो ना आंटी," पोरगा म्हणाला आणि पेट्रोल भरून निघून गेला.

ती चालवत नव्हती. गाडी उभी होती, बंद होती, एक पाय जमिनीवर होता. गुडघा खरचटला होता त्याचं तिला काही वाटलं नाही. पण ते 'सॉरी' घरी आल्यावरही तिच्या तोंडात होतं, दातात सुपारीचा तुकडा अडकावा तसं. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आपण चुकलो नसताना किती जणांची माफी मागितली, याचा विचार करत तिने गोळे वाफवायला ठेवले होते, आणि गोळे होईपर्यंत तिचं ठरलं होतं.

पुण्याला शिकणाऱ्या मुलीने, हिमानीने, फोनवर सांगितलं की आई, तू योगा कर. चारुशीला म्हणाली, योगात समोर कोणी नसतं.

सुमंतने विरोध केला नाही. त्याने सल्ला दिला. "पहिल्याच दुकानात घेऊ नको. दोन-चार ठिकाणी हात लावून पाह्य. मग घे."

पहिलं ठिकाण जवळचं होतं. लकडगंजमधल्या एका मंगल कार्यालयात, ज्या संध्याकाळी लग्न नसेल त्या संध्याकाळी, कराटेचा वर्ग भरायचा. चारुशीला पोचली तेव्हा रजत सर सतरंज्या गुंडाळत होते.

"पालकांच्या खुर्च्या तिकडे आहेत, मॅडम," ते म्हणाले. "मुलगा आहे की मुलगी?"

"मीच आहे."

सरांनी तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी तिला पांढरा पट्टा दिला आणि उंचीप्रमाणे शेवटच्या रांगेत उभं केलं. पुढच्या रांगांमध्ये सगळी पहिली ते पाचवीची पोरं होती. तिच्या जोडीला रितिका नावाची तिसरीतली मुलगी आली. "काकू, अंगठा मुठीच्या आत नाही ठेवायचा," ती म्हणाली. "तुटते."

चारुशीलाने अंगठा बाहेर काढला. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीवर बसलेल्या एका आईने विचारलं, "ताई, तुम्ही इथेच आहात ना? मी जरा भाजी घेऊन येते." त्यानंतर बाकीच्या आयांनाही भाजी घ्यायची आठवण झाली. कोणाचा पट्टा सुटायचा, कोणाला बाथरूमला जायचं असायचं, कोणी कोणाला चावायचं. तिसऱ्या आठवड्यात चारुशीलाच्या लक्षात आलं की आपण कराटे शिकत नसून पाळणाघर चालवतो आहोत. मग लग्नांचा मोसम सुरू झाला आणि कार्यालय रिकामं मिळेना. तिने पट्टा धुऊन, इस्त्री करून परत केला.

दुसरं ठिकाण लांब होतं. अमरावती रोडवर वाडीला ट्रान्सपोर्टचं एक रिकामं गोडाऊन होतं, आणि तिथे सौरव नावाचा तरुण बॉक्सिंग शिकवायचा. बाहेर ट्रक मागे घेताना ड्रायव्हर ओरडायचे, आत साखळीला टांगलेल्या पिशव्यांवर धपाधप आवाज चालायचा. शिकणारी सगळी पोरं दिवसभर माल चढवणारी-उतरवणारी होती. खांदे असे, की दारातून तिरके आत येत. चारुशीलाला वाटलं, इथे होईल काम.

पोरं पहिल्या दिवशी तिच्या पाया पडली. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी खुर्ची आली, पंखा तिच्याकडे वळला. ग्लोव्ह चढवून ती एका पोरासमोर उभी राहिली, तर तो हात खाली सोडून म्हणाला, "मारा काकू."

तिने मारलं.

"मस्त मारलं काकू."

तिने पुन्हा मारलं. पुन्हा मस्त होतं. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने विचारलं, "तू कधी मारणार?"

"मी?" पोरगा एक पाऊल मागे सरकला. "काकू, माह्या आईले समजलं तर ते मले जित्ता नाही ठेवणार."

चारुशीलाने सौरवला एकट्याला गाठून सांगितलं. सौरवने सगळ्यांना दम दिला. त्यानंतर एक पोरगा मोठ्या हिमतीने पुढे आला आणि त्याने तिच्या खांद्याला ग्लोव्ह टेकवला, झोपलेल्या माणसाला उठवायला टेकवतात तसा. मग त्याने "लागलं का काकू?" असं विचारलं. चारुशीला स्कूटरवर घरी आली. मान काही तिला घरी मिळत नव्हता असं नाही. त्यासाठी वाडीपर्यंत पेट्रोल जाळायची गरज नव्हती.

"दोन झाली," सुमंत म्हणाला. "आता तिसऱ्या दुकानात घेऊन टाक. चौथ्यापर्यंत गिऱ्हाईक थकते आणि काहीबी उचलते."

तिसरं ठिकाण नंदनवनमधल्या एका शाळेचा हॉल होता. तिथे प्रशिक मेश्राम ज्युडो शिकवायचा. तो दिवसा त्याच शाळेत खेळाचा शिक्षक होता. पस्तिशीचा, बुटका, कान चुरगळलेले. चारुशीलाला वाटलं, आता विचारेल, का शिकायचं आहे. दोन उत्तरं तिने तयार ठेवली होती.

"गुडघे?" प्रशिकने विचारलं.

"उजवा कुरकुरतो."

"बीपी? शुगर?"

"नाही."

"नखं कापून या," तो म्हणाला आणि पोरांकडे वळला.

घरी येऊन चारुशीलाने ओसरीत बसून हातापायाची नखं कापली. शोभाताईंनी विचारलं, जमलं का? ती म्हणाली, बहुतेक.

पाडायला शिकायला आलेल्या चारुशीलाला प्रशिकने पावसाळाभर फक्त पडायला लावलं. मागे पड, डाव्या कुशीवर पड, उजव्या कुशीवर पड, हनुवटी छातीला लाव, हात मॅटवर जोरात आपट. तिला सगळ्यात जास्त भीती नेमकी याच गोष्टीची होती. या वयात बाई पडली की पुढचं वाक्य हाडाचं असतं. शेजारच्या लगडेबाई बाथरूममध्ये पडल्या त्या दिवाळीनंतरच चालल्या. पण प्रशिक बाजूला उभा राहून कंटाळल्या आवाजात "पुन्हा" म्हणायचा, आणि ती पुन्हा पडायची. एक दिवस तिला जाणवलं की पडताना आपण डोळे मिटत नाही.

मग तिला रीनाच्या ताब्यात दिलं. रीना पंचवीस वर्षांची होती आणि एका पॅथॉलॉजीत लोकांचं रक्त काढायची. तिने चारुशीलाची कॉलर धरली, बाही धरली, आणि पुढचं काही कळायच्या आत चारुशीला पाठीवर होती आणि वर छताचा पंखा फिरत होता. छातीतला सगळा श्वास गेला होता. कोणी धावत आलं नाही. कोणी काकू म्हटलं नाही. रीनाने हात पुढे केला.

"पुन्हा?"

"पुन्हा," चारुशीला म्हणाली.

त्या दिवशी तिची निवड पक्की झाली. सुमंतने ज्युडोचा जाड पांढरा पोशाख मागवून दिला. पार्सल उघडल्यावर त्याने जॅकेटची कॉलर अंगठ्याने चोळून पाहिली, उजेडात धरली, दोन्ही हातांनी खसकन ओढली. "माल चांगला आहे," तो म्हणाला. "कितीबी ओढा, फाटत नाही." त्याच्याकडून याहून मोठी संमती मिळत नसे.

अंगावर डाग पडू लागले. दंडावर निळे, मांडीवर पिवळे. लगडेबाईंनी ते पाहिले आणि त्या सुमंतकडे पाहू लागल्या. सुमंत इतका घाबरला की गल्लीत कोणी नुसता नमस्कार केला तरी तो "ज्युडो आहे, ज्युडो" असं सांगू लागला. शोभाताईंनी मात्र लगडेबाईंना सरळ सांगितलं, "आमचा सुमंत त्यातला नाही वं. आता तर त्यालेच भेव वाटते."

हिवाळ्यापर्यंत चारुशीलाला एक डाव नीट येऊ लागला. एकच. त्याचं नाव ओ-गोशी. समोरच्या माणसाला कवेत घ्यायचं, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची, आणि त्याला पाठीवरून पलीकडे टाकायचं. दिवाळीच्या सीझनला दुकानात माणसं कमी पडली की ती अस्तराचे गठ्ठे उचलायची, त्यामुळे कंबर कुठे घालायची हे तिला पटकन कळलं. रीना दहातल्या तीन वेळा पडायची. बाकीच्या वेळी ती पडत नव्हती आणि चारुशीलाला पाडत होती.

जानेवारीत नागपुरातच विदर्भातल्या क्लबांची स्पर्धा होती. प्रशिकने न विचारता तिचं नाव दिलं. महिला, वय वर्षं चाळीसच्या पुढे.

"किती जणी असतील?" तिने विचारलं.

"येतील," प्रशिक म्हणाला.

दोघी आल्या.

दुसरी बाई काटोलकडची होती. जिजाबाई रेवतकर, वय एक्कावन्न, घरी शेती. तिचा मुलगा ऋषिकेश गावात ज्युडोचा क्लास चालवायचा. चाळिशीच्या बायांचा गट सगळ्यात शेवटी होता, म्हणून दोघी सकाळपासून एकाच बाकावर बसल्या. पांढरे पोशाख, वर स्वेटर, जिजाबाईच्या डोक्याला मफलर.

"तुम्ही कशा काय आल्या यात?" चारुशीलाने विचारलं.

"पोराच्या क्लासले पोट्टे कमी होते," जिजाबाई म्हणाली. "आकडा भरायले मले उभं केलं. मंग पोट्टे आले. पण मी काही बसली नाही."

दुपारी दोघींनी डबे उघडले. जिजाबाईच्या भाकरीसोबत लसणाचा असा ठेचा होता की चारुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. चारुशीलाची वांग्याची भाजी जिजाबाईने पुसून खाल्ली. बोलणं सुनांवर गेलं, गुडघ्यांवर गेलं, लग्नात दिलेल्या साड्यांवर गेलं. जिजाबाईच्या घरी फॉल लावायचं राहिलेल्या बऱ्याच साड्या होत्या. चारुशीला म्हणाली, दुकानात या.

मग जिजाबाईने आवाज खाली आणला. "बाई, एक बोलू का?"

"बोला ना."

"आपल्या दोघींलेबी मेडल आहेच. हातपाय मोडून काय भेटणार? घरी तुरीची कापणी चालू आहे माह्या. हळूहळू खेळू. वेळ संपला की पंच ज्याले द्यायचं त्याले देईन."

"हो," चारुशीला म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

हो म्हणायचा तिला सराव इतका होता की विचार मागून आला. विचार असा होता की तिला हळू खेळायचं नाही. तीन-चार महिने ती एक डाव घोटत होती, आणि तो एकदा तरी अनोळखी माणसावर करून पाहायचा होता. पण जिजाबाई आता अनोळखी राहिली नव्हती. तिने अर्धी भाकरी दिली होती. चारुशीलाने डब्याचं झाकण लावलं आणि ती स्वतःवर चिडली.

नाव पुकारलं तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर सुमंत आणि शोभाताई बसले होते. शोभाताई शाल पांघरून आल्या होत्या, आणि सकाळपासूनच्या सगळ्या कुस्त्या पाहून त्यांचं स्वतःचं एक मत तयार झालं होतं. पंच तरुण होते. त्यांनी दोघींना नमस्कार करायला लावला आणि सुरू करा अशी खूण केली.

दोघींनी एकमेकींची कॉलर धरली आणि भिशीला भेटल्यासारख्या गोल फिरू लागल्या.

"गुडघा बरा आहे ना?" जिजाबाईने हळूच विचारलं.

"बरा आहे. तुमची कंबर?"

"आहे आपली."

पंचांनी थांबवलं आणि दोघींनाही इशारा दिला. लढत नाही म्हणून. प्रेक्षकांत हसू पिकलं. दोघींनी मान डोलावली आणि पुन्हा फिरू लागल्या, या वेळी जरा वेगाने. पंचांनी पुन्हा थांबवलं, दुसरा इशारा दिला, आणि नियम मराठीत समजावून सांगितला. "ताई, आता तिसरा इशारा मिळाला तर दोघीही बाद. मेडल कोणालाच नाही."

"अव्वा," जिजाबाई म्हणाली. तिने चारुशीलाकडे पाहिलं. "आता वं?"

चारुशीलाने तिची कॉलर घट्ट धरली. एकाएकी तिला फार बरं वाटलं. मात्र न सांगता करणं तिला जमेना.

"जिजाबाई," ती म्हणाली, "आता मी पाडते बरं का."

"मंग सांगून काहून राहिली?" जिजाबाई म्हणाली आणि तिने कंबर खाली केली.

चारुशीला आत शिरली. हात पाठीमागून गेला, कंबर पोटाखाली गेली, आणि क्षणभर जिजाबाई रेवतकर संपूर्णच्या संपूर्ण तिच्या पाठीवर होती, पाय हवेत. पण सांगितल्यामुळे जिजाबाई तयार होती. तिने चारुशीलाच्या मानेला अशी मिठी मारली की ती सुटेना. दोघी एकत्रच कलंडल्या. चारुशीला हात आपटून नीट पडली, पावसाळाभर शिकली होती तशी, आणि तेवढ्या वेळात जिजाबाई तिच्या छातीवर आडवी येऊन बसली.

खाली दाबून धरलं की वीस सेकंदांत निकाल लागतो. वीस सेकंद म्हणजे काय हे चारुशीलाला तेव्हा कळलं. जिजाबाईचं सगळं वजन, तुरीच्या शेतासकट, तिच्या फासळ्यांवर होतं. नाकाशी लसणाचा वास होता. मॅटवर दोनदा थोपटलं असतं तर पंचांनी लगेच सोडवलं असतं. ते तिच्या मनातही आलं नाही. तिने टाचा रोवल्या आणि कंबर उचलली. जिजाबाई थोडी हलली. तिने पुन्हा उचलली. घशातून एक आवाज निघाला, तो तिचाच होता, आणि तो सभ्य नव्हता.

"उठ वं चारू!" खुर्च्यांकडून शोभाताई ओरडत होत्या. शाल खाली पडली होती. "उठ! कुशीवर हो! उठ म्हणते ना!"

सासूने उठ म्हणणं चारुशीलाला नवीन नव्हतं. कारण नवीन होतं. तिने डावं कोपर आत घातलं, कुशीवर वळली, जिजाबाईचा एक गुडघा सुटला, आता सुटणार, आता सुटणार, आणि पंचांनी हात वर केला.

जिजाबाई बाजूला झाली आणि तिने चारुशीलाला हात देऊन उभं केलं. दोघींना धाप लागली होती. चारुशीलाच्या डोळ्यांत पाणी होतं. जिजाबाईला वाटलं, लागलं असेल. पण चारुशीलाला राग आला होता. खरा, भरपूर, पोटातून आलेला राग. आपण एखादी गोष्ट हरलो याचा राग येण्याइतकी ती गोष्ट आपल्याला हवी होती, असं तिला फार वर्षांत झालं नव्हतं. ती ते कोणाला सांगू शकली असती असं नाही. तिने बाहीने तोंड पुसलं आणि वाकून नमस्कार केला.

मॅटच्या कडेला प्रशिक उभा होता. "सांगितलं काहून?" त्याने विचारलं.

"सांगून गेलं तोंडातून."

"हं," प्रशिक म्हणाला. "डाव बरोबर होता. सोमवारी खालून सुटायचं घेऊ."

बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी जिजाबाईला सोन्याच्या रंगाचं मेडल घातलं, चारुशीलाला चांदीच्या, आणि तिसरं हातात धरून ते थोडा वेळ तिसऱ्या पायरीकडे पाहत राहिले. मग ते त्यांनी डब्यात परत ठेवलं. सुमंतने पायरीवरचे फोटो काढले आणि हॉलमधूनच गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. शेजारच्या दुकानदाराचा लगेच फोन आला. अभिनंदन झालं. किती जणी होत्या, असंही त्याने विचारलं.

"बऱ्याच होत्या," सुमंत म्हणाला. "पूर्ण हॉल भरला होता."

निघताना जिजाबाई गाडीपाशी आली. तिच्या हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी होती. ती तिने शोभाताईंच्या मांडीवर ठेवली, कारण गाडीत त्याच आधी बसल्या होत्या. "उकडून खाजा, मीठ टाकून," ती म्हणाली. मग चारुशीलाकडे वळली. "पुढच्या साली येशीन ना? आणि वजन नको कमी करजो. वजनाचे गट पाडले तर मले खेळायले कोणी राहणार नाही."

"येईन," चारुशीला म्हणाली. "पण मी हळू खेळणार नाही. आतापासूनच सांगून ठेवते."

"पाह्य वं," जिजाबाई शोभाताईंना म्हणाली, "पुन्हा सांगून राहिली."

शोभाताईंनी मान हलवली. शिकवणाऱ्याचं चुकतं आहे, असं त्यांचं मत पडलं. ऋषिकेशने लांबून हाक मारली, काटोलची गाडी लागली होती, आणि जिजाबाई मेडल पोशाखाच्या आत टाकून निघाली. सुमंतने गाडी सुरू केली. रस्ताभर शोभाताई कच्च्याच शेंगा सोलून खात होत्या आणि कोपर आत घालायला उशीर कसा झाला ते मागच्या सीटवरून समजावून सांगत होत्या. चारुशीला ऐकत होती. बऱ्याच गोष्टी त्या बरोबर सांगत होत्या.